मुलींची चार्टर प्राथमिक शाळा (न्यूयॉर्क) : पटाचे आकडे कसे वाचावेत?

रेवाई

नमस्कार मंडळी. लेक सप्टेंबरपासून किंडरगार्टनला जाईल. एप्रिलच्या सोडतीत तिला आमच्या डिस्ट्रिक्टमधल्या (शाळांच्या विभागातल्या) एका मुलींच्या चार्टर शाळेत जागा मिळाली आहे. पाचवीपर्यंतची शाळा, फक्त मुली, फी नाही. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळा बघून आलो, आवडली. वर्गात मुली धीटपणे बोलत होत्या, शिक्षिका त्यांचं पुरतं ऐकून घेत होत्या.

घरी येऊन राज्य शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शाळेचं पान उघडलं आणि डोक्यात प्रश्न सुरू झाले. बहुतेक सगळ्या मुली कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक. 'आशियाई' रकान्यात नावापुरता आकडा. बहुसंख्य मुली 'आर्थिकदृष्ट्या वंचित'. आणि किंडरगार्टनचा पट भरपूर, पण चौथी-पाचवीचा बराच कमी.

ओळखीतल्या दोघातिघांनी तोंडावरच विचारलं, "तिथे आपलं कोण आहे?" हा प्रश्न मला आवडला नाही. मुलांच्या कातडीचा रंग मोजून शाळा निवडायची नाही हे आमचं ठरलेलं आहे. पण अख्ख्या वर्गात आपली एकटीच असेल तर पाच वर्षांच्या मुलीला ते जाणवणारच, हेही खरं.

तर ज्यांची मुलं अशा शाळांत आहेत किंवा जे तिथे शिकवतात त्यांना विचारते : या आकड्यांतून खरोखर काय कळतं? वरचे वर्ग रोडावतात ते का? आणि एवढ्या लहान वयात फक्त मुलींची शाळा, याबद्दल तुमचं काय मत?

जर्सीकर

अभिनंदन! सोडतीत नाव लागणं सोपं नाही. नाही म्हणायच्या आधी दहादा विचार करा. मागे प्रतीक्षा यादी टपलेली असते.

चिंचगोळी

सोडत म्हटल्यावर मला म्हाडाच आठवली. :-) इकडे शाळेसाठीही सोडत असते हे माहीत नव्हतं. कोणी चार ओळींत सांगेल का की चार्टर म्हणजे नक्की सरकारी की खाजगी?

मिहिका

@चिंचगोळी, पैसा सरकारी, कारभार स्वतंत्र विश्वस्त मंडळाचा. फी घेता येत नाही, प्रवेशपरीक्षा घेता येत नाही. मिनेसोटाने १९९१ मध्ये पहिला कायदा केला, न्यूयॉर्कने १९९८ मध्ये. इथे अर्जाची मुदत १ एप्रिल असते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावीच लागते. आधीपासून शिकणारी मुलं, त्यांची भावंडं आणि त्या डिस्ट्रिक्टमधले रहिवासी यांना प्राधान्य. आपल्याकडच्या आरटीईच्या पंचवीस टक्के प्रवेशांत घर ते शाळा अंतर बघतात, साधारण तसंच समजा.

फक्त मुलींची सरकारी शाळा चालते कशी, हा प्रश्न इथे पुष्कळ वर्षं चिघळलेला होता. १९९६ मध्ये ईस्ट हार्लेममध्ये यंग विमेन्स लीडरशिप स्कूल सुरू झालं (ते चार्टर नव्हे, शहराची शाळा, आणि मोठ्या मुलींची), तेव्हा तक्रारी झाल्या होत्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटच्या (सरकारी लष्करी महाविद्यालयाच्या) खटल्यात मुलींना प्रवेश नाकारणं घटनाबाह्य ठरवलं. निकालपत्र न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं. त्यामुळे 'फक्त मुलगे' किंवा 'फक्त मुली' म्हणायचं तर सरकारला भक्कम कारण द्यावं लागतं. पुढे २००६ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने टायटल नाइनचे (शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणाऱ्या कायद्याचे) नियम सैल केले. न्यूयॉर्कच्या चार्टर कायद्यात मात्र एका लिंगाच्या शाळेला आधीपासूनच मुभा होती, म्हणून २००५ मध्येच मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला गर्ल्स प्रेप निघाली. मुलींची शहरातली ही पहिली चार्टर प्राथमिक शाळा. मग त्याच संस्थेने ब्राँक्समध्ये मुलींची आणि २०१४ मध्ये मुलग्यांचीही शाळा काढली. भावाचं काय करायचं हा पालकांचा प्रश्न होताच. भावंडांना प्राधान्य म्हणायचं, पण भाऊ असेल तर त्याला त्या शाळेत जागाच नाही!

आकडेमोड

माझं रोजचं काम शिक्षणाच्या आकडेवारीचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं : तुलना कशाशी करताय ते ठरवा. न्यूयॉर्क शहरात चार्टरमधली मुलं एकुणांच्या साधारण पंधरा टक्के आहेत आणि त्यांतली नव्वद टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक. कारण या शाळा हार्लेम, साउथ ब्राँक्स, सेंट्रल ब्रुकलिन अशा भागांत निघाल्या आणि प्राधान्य तिथल्याच रहिवाशांना. त्यामुळे तुमच्या शाळेचा आकडा अख्ख्या शहराशी ताडून काही हाती लागणार नाही. शेजारच्या, त्याच डिस्ट्रिक्टच्या दोन-तीन प्राथमिक शाळांशी ताडा. बहुधा चित्र सारखंच दिसेल. मग तो आकडा शाळेचा नाही, वस्तीचा आहे, आणि त्या वस्तीत तुम्ही राहताच आहात.

दुसरं : 'आशियाई' हा एक रकाना आहे. चीनच्या फुजियानहून आलेलं कुटुंब, बांगलादेशी कुटुंब आणि तुम्ही, तिघेही त्यातच. हिस्पॅनिक आहात का हा प्रश्न आजवर वंशापासून वेगळा आणि आधी विचारला जायचा. मार्च २०२४ मध्ये केंद्राने दोन्ही एकत्र करून 'मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका' हा नवा गट घालायचं ठरवलं. म्हणजे जुन्या-नव्या तक्त्यांची तुलना पुढची काही वर्षं सांभाळूनच करावी लागेल. शिवाय एखाद्या गटात पाचापेक्षा कमी मुलं असली तर परीक्षेचे निकाल झाकले जातात. ओळख फुटू नये म्हणून. ते बरोबरच आहे.

तिसरं : गरिबीचा आकडा. पूर्वी हा दुपारच्या जेवणाच्या अर्जावरून निघायचा. केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत. सप्टेंबर २०१७ पासून न्यूयॉर्क शहराने जेवण सर्वांनाच मोफत केलं, त्यामुळे त्या अर्जाला पहिल्याइतका अर्थ उरला नाही. आता फूड स्टॅम्प (धान्यासाठी मदत), मेडिकेड (गरिबांचा आरोग्यविमा) अशा योजनांच्या यादीत कुटुंब आहे का यावर बरंचसं ठरतं. जी कुटुंबं कागदपत्रांच्या भीतीने योजना घेत नाहीत ती इथे दिसत नाहीत.

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं : राज्यासाठी पट मोजला जातो तो ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी. नोव्हेंबरात कोण गेलं, फेब्रुवारीत कोण आलं, हे त्या पानावर नाही.

स्पष्टवक्ता

मला हा सगळा प्रकारच पटत नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ब्राऊन खटल्यात काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा म्हणजे समान शाळा नव्हेत असा निकाल लागला. त्याला सत्तर वर्षं झाली, आणि आपण एकाच वर्णाच्या, एकाच आर्थिक थराच्या आणि आता एकाच लिंगाच्या शाळेला 'निवड' म्हणतोय. २०१४ मध्ये यूसीएलए विद्यापीठाच्या सिव्हिल राइट्स प्रोजेक्टने न्यूयॉर्क राज्यातल्या शाळा देशात सर्वांत विभागलेल्या असल्याचं दाखवलं होतं. चार्टरमुळे ही दरी कमी होत नाही.

आणि फक्त मुलींच्या वर्गात मुली जास्त शिकतात याला पुरावा कुठे आहे? २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ डायेन हॅल्पर्न आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात या दाव्याची पार चिरफाड केली. २०१४ मध्ये २१ देशांतल्या सोळा लाख विद्यार्थ्यांवरच्या १८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. नीट नियंत्रण ठेवून केलेल्या अभ्यासांत वेगळं बसवण्याचा फायदा जवळपास शून्य दिसला.

सदाफुली

@स्पष्टवक्ता, संशोधनाबद्दल तुमचं खरं असेल. पण १९५४ चा दाखला इथे लागू होत नाही असं मला वाटतं. तिथे काळ्या मुलांना बाहेर ठेवायला कायद्याची भिंत होती. इथे त्याच समाजातल्या आया स्वतः अर्ज भरतात, सोडतीला जीव मुठीत धरून बसतात. त्यांच्यासमोर पर्याय कोणते होते ते बघा. कोपऱ्यावरची शाळा वर्षानुवर्षं नीट चालत नसेल तर आई एकत्रीकरणाची वाट बघत बसणार नाही, तिची मुलगी या वर्षी पहिलीत आहे.

@रेवाई, माझी मुलगी प्राथमिकची सगळी वर्षं अशाच शाळेत होती (मुलग्यांसकट, दुसऱ्या शहरात). वर्गात भारतीय ती एकटी. पहिल्या महिन्यात "माझे केस असे का?" हा प्रश्न आलाच. पण गंमत म्हणजे केसांना तेल लावून घट्ट वेण्या घालणं हा तिथल्या मुलींच्या घरीही रविवारचा कार्यक्रम! तिची जिवाभावाची मैत्रीण डॉमिनिकन होती. तिच्या आजीला इंग्रजी येत नव्हतं, माझ्या सासूबाईंना स्पॅनिश येत नव्हतं, तरी दोघी बागेत तासभर शेजारी बसायच्या आणि एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. एकटेपणा आलाच नाही असं म्हणणार नाही. दिवाळीला तिने शाळेत काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं एका वर्षी, ते मला लागलं. त्यावर बाईंशी बोलले, पुढल्या वर्षी त्यांनी आपणहून विचारलं.

जर्सीकर

सदाफुली, +१. आजींचा किस्सा आवडला.

निवृत्त गुरुजी

रेवाताई, मी अमेरिकेतल्या शाळा पाहिलेल्या नाहीत, पण पटाचं म्हणाल तर आयुष्य त्यातच गेलं. आमच्याकडे शिक्षकांची पदं पटावर ठरतात. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, आणि संचमान्यतेला सप्टेंबरअखेरचा पट धरायचा. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त. म्हणून काही ठिकाणी हजेरीपुस्तकात नावं असायची आणि वर्गात मुलं नसायची. २०११ च्या ऑक्टोबरात सरकारने तीन दिवस सगळ्या राज्यात एकाच वेळी पटपडताळणी केली, मुलांच्या बोटांना शाई लावून. लाखांनी तफावत निघाली होती. आकडा कोणत्या तारखेचा आणि तो आकडा मोठा असण्यात कोणाचा लाभ आहे, हे विचारायची सवय तेव्हापासूनची.

मुलींच्या शाळेविषयी : तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेची कन्याशाळा असे. त्या शाळा नसत्या तर कित्येक बापांनी मुलीला चौथीनंतर घरी बसवलं असतं. १८४८ मध्ये भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली तीही त्या काळात मुली एरवी शाळेत येणं अशक्य म्हणून. पुढे मुली सगळीकडे जाऊ लागल्या, पट घटला आणि अनेक ठिकाणी कन्याशाळा शेजारच्या शाळेत मिसळल्या. त्याचं मला दुःख झालं नाही. न्यूयॉर्कमध्ये मुली शाळेत येतच नाहीत असं नसणार. मग तिथे ही शाळा कशासाठी हवी, हे जाणून घ्यायला आवडेल.

पाटीपेन्सिल

गुरुजींचा प्रश्न मोलाचा आहे. मी एका चार्टर प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवते (मुलींची नाही, पण आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर मुलींची शाळा होती, त्यामुळे जवळून पाहिलंय). तिथल्या आया मला जे सांगायच्या ते निकालांबद्दल नसायचं. काळ्या मुलींना एरवीच्या शाळेत लहानसहान गोष्टींवरून वर्गाबाहेर काढतात, मोठ्याने बोलली की 'उद्धट' ठरवतात, हे त्यांनी स्वतः भोगलेलं. देशभरच्या आकडेवारीतही काळ्या मुलींना शाळेतून निलंबित करण्याचं प्रमाण गोऱ्या मुलींच्या कितीतरी पट आहे. आपल्या मुलीचा आवाज जिथे खोडी ठरत नाही अशी जागा त्यांना हवी होती. १८४ अभ्यासांत गणिताचे गुण मोजले असतील, हे कितपत मोजलं असेल?

आता रेवाईंचा दुसरा प्रश्न, वरचे वर्ग का रोडावतात. याची उत्तरं अनेक आहेत आणि त्यांतली काही निरुपद्रवी आहेत.

शाळा नवी असेल तर दर वर्षी एक इयत्ता वाढत जाते, पहिल्या तुकड्या लहान असतात. कुटुंबं घरभाड्यामुळे दुसऱ्या भागात, दुसऱ्या राज्यात जातात. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांचाच पट गेल्या दशकात लाखाहून जास्तने खाली आलाय. जन्मदर घटला, महासाथीत लोक शहर सोडून गेले.

पण एक कारण शाळेच्या हातात असतं. मधल्या वर्षी मुलगी गेली की रिकामी जागा प्रतीक्षा यादीतून भरायची की तशीच ठेवायची? काही चार्टर वरच्या वर्गांत भरत नाहीत. नव्या मुलीला सूर सापडायला वेळ लागतो, गुण घसरतात, म्हणून. मग राज्याची परीक्षा, जी तिसरीपासून सुरू होते, फक्त टिकून राहिलेल्या मुली देतात. निकाल झळकतो आणि गेलेल्या मुलींचा हिशेब कोणी मागत नाही. मला स्वतःला हे अजिबात मान्य नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेने रिकामा बाक रिकामा ठेवू नये.

आकडेमोड

पाटीपेन्सिल यांना जोरदार अनुमोदन. हे तपासायची एक सोपी रीत आहे. एकाच वर्षाच्या तक्त्यात किंडरगार्टन आणि पाचवी शेजारी ठेवू नका, त्या वेगळ्या वर्षांच्या मुली आहेत. गेल्या काही वर्षांचे तक्ते काढा आणि तिरके वाचा. पाच वर्षांपूर्वीची किंडरगार्टन, पुढल्या वर्षीची पहिली, त्यापुढची दुसरी, असं. तीच तुकडी कशी घटत गेली ते दिसेल. एखाद्या वर्षी पहिलीचा आकडा आदल्या किंडरगार्टनपेक्षा फुगला तर काही मुलींना त्याच वर्गात ठेवलंय किंवा नव्या घेतल्यात.

मग हेच इंग्रजी शिकणाऱ्या मुलींचं आणि विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलींचं प्रमाण घेऊन बघा. २०१० च्या दुरुस्तीने न्यूयॉर्कच्या चार्टरना या दोन गटांचं आणि गरीब मुलांचं प्रमाण डिस्ट्रिक्टच्या तोडीचं ठेवण्याची लक्ष्यं घालून दिली आहेत. नुसता प्रवेश देण्याची नाहीत, टिकवून ठेवण्याचीही. सनदेच्या (शाळा चालवायच्या मुदतीच्या परवान्याच्या) नूतनीकरणाच्या वेळी ती बघितली जातात. कृष्णवर्णीय-हिस्पॅनिक टक्केवारी शेजारच्या शाळेइतकीच, पण विशेष शिक्षणाच्या मुली निम्म्या, असं दिसलं तर मात्र मी शाळेला थेट कारण विचारीन.

स्पष्टवक्ता

पाटीपेन्सिल, मोजलं नसेल हे मान्य. निलंबनाचा मुद्दा माझ्या लक्षात होता, पण त्यावरचा उपाय सगळ्याच शाळांतल्या शिक्षकांना बदलण्याचा असायला हवा. मुलींना वेगळं काढण्याचा नव्हे. यावर मी ठाम आहे.

पाटीपेन्सिल

ठाम राहा, त्या कामाला माणसं हवीच आहेत. :-) तोवर या वर्षीच्या पहिलीचं काय, एवढंच सदाफुली विचारतेय.

डीसीकर

सनदेचा विषय निघाला म्हणून. चार्टर शाळा मुदतीवर चालते हे विसरू नका. वॉशिंग्टनच्या अॅनाकोस्टिया भागात एक्सेल अकॅडमी ही मुलींची चार्टर शाळा होती, २००८ मध्ये सुरू झालेली. २०१८ च्या जानेवारीत चार्टर मंडळाने निकालांच्या कारणावरून सनद रद्द करण्याचं ठरवलं. पालकांनी धरून ठेवलं, मग शहराच्या शिक्षण खात्याने ती ताब्यात घेऊन मुलींची सरकारी शाळा म्हणून चालवली. ते नशीबवान. सगळीकडे असं होत नाही. तुमच्या शाळेची सनद कधी संपते आणि मागच्या खेपेला पूर्ण पाच वर्षं मिळाली की कमी, हे नक्की बघा. नूतनीकरणाचा अहवाल जाहीर असतो.

चिंचगोळी

अवांतर : मुलींच्या शाळेत गणवेश काय असतो? स्कर्टची सक्ती?

मिहिका

अवांतराला अवांतर. नॉर्थ कॅरोलायनात एका (मुलग्या-मुलींच्या) चार्टर शाळेत मुलींना स्कर्टची सक्ती होती. पालक कोर्टात गेले. २०२२ मध्ये फोर्थ सर्किटने (केंद्रीय अपील न्यायालयाने) ती सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. त्या निकालात चार्टर शाळा ही सरकारच्या वतीने वागते असं म्हटलंय, ते स्कर्टहून मोठं.

रेवाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडेमोड यांनी सांगितलं तसे तक्ते तिरके वाचले. शेजारच्या दोन शाळांशी वंशाचं आणि गरिबीचं प्रमाण जवळपास जुळतं. विशेष शिक्षणाचंही. इंग्रजी शिकणाऱ्या मुली मात्र आमच्या शाळेत स्पष्टपणे कमी आहेत, आणि तुकड्या तिसरीनंतर घटतात.

शाळेला विचारलं. मुख्याध्यापिका बोलायला तयार होत्या, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या की रिकाम्या जागा चौथीपर्यंत भरतात, पण वरच्या वर्गांत बोलावणं पाठवलं तरी फार कमी पालक येतात, कारण मुली तोवर दुसरीकडे रुळलेल्या असतात. इंग्रजी शिकणाऱ्या मुलींबद्दल त्यांचं उत्तर पुरेसं वाटलं नाही. अर्ज स्पॅनिशमध्ये आहे म्हणाल्या, पण परिसरात पश्चिम आफ्रिकेतून आलेली, फ्रेंच आणि इतर भाषा बोलणारी बरीच घरं आहेत, त्यांच्यापर्यंत कोण पोचतं? हे मी पालकसभेत मांडणार आहे.

गुरुजी, 'कशासाठी' हा तुमचा प्रश्न मी वर्गात बसून बघितला. दुसरीच्या वर्गात एक मुलगी उत्तर चुकल्यावर न थांबता "थांबा, मी पुन्हा सांगते" म्हणाली आणि कोणी हसलं नाही. हे मुलींच्या शाळेमुळे की त्या बाईंमुळे, सांगता येत नाही. आम्ही जागा घेतली आहे.

सदाफुली

छान! आणि आता "तिथे आपलं कोण आहे" विचारणाऱ्यांना त्या शाळेच्या कार्यक्रमाला घेऊन जा.

पाटीपेन्सिल

अभिनंदन रेवाई! प्रवेशाच्या कागदांत घरच्या भाषेची प्रश्नावली येईल. बरेच आपले पालक भीतीने 'इंग्रजी' लिहितात. खरं ते मराठी लिहा. त्यावरून शिक्षक आधी तुमच्याशी आणि मुलीशी बोलतील, गरज वाटली तर राज्याची छोटी भाषाचाचणी घेतील. पास झाली तर विषय संपला, नाही झाली तर इंग्रजीची जादा मदत मिळते, ती तिच्या हक्काची आहे. आणि दुभाषा मागायचा हक्क पालक म्हणून तुम्हालाही आहे. आजी-आजोबा सभेला येणार असतील तर मराठी दुभाषा आधी कळवून मागा. आणि बसचं लगेच विचारा : चार्टरच्या मुलांनाही शहराची बस अंतराच्या नियमाप्रमाणे मिळते, पण तुमच्या शाळेला बसमार्ग आहे की नाही ते ऑफिसात विचारूनच कळेल.